मालकिणीच्या डोळ्यांदेखत

संपादकांचा फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. दिवाळीत बायका दागिने बाहेर काढतात, तर घरच्या घरी ते कसे स्वच्छ करावेत यावर लिहा, असं ते म्हणाले. मी हो म्हटलं. लिहायला बसले आणि लक्षात आलं की ते सगळं एका परिच्छेदात संपतंय. तो परिच्छेद आधी देऊन टाकते, म्हणजे घाईतल्या वाचकांना पुढचं पान उलटायला मोकळीक.

रिठे भिजत घाला, त्याच पाण्यात कुसकरा, गाळा, पाणी कोमट करा. साधं सोनं त्यात थोडा वेळ ठेवून लहान मुलाच्या मऊ ब्रशनं घासा, स्वच्छ पाण्यातून काढा आणि मलमलच्या कापडानं टिपा. रगडून पुसू नका, टिपा. बोरमाळ आणि ठुशीच्या मण्यांच्या पोटात लाख असते, त्यांना गरम पाण्यात घालू नका. कुंदनाला तर पाणीच दाखवू नका, खड्याखालचा वर्ख काळा पडला की देवसुद्धा काही करू शकत नाही. मोती ओलसर मलमलनं पुसा, सावलीत सुकवा, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका. टूथपेस्ट दातांसाठी असते. झालं.

आता उरलेलं सांगते. ते संपादकांनी मागितलेलं नाही.

मी भिवंडीची पटवेकरीण. हल्ली सुईत दोरा जात नाही म्हणून काम बंद केलंय, पण गल्लीत अजून सगळे पटवेकरीणबाईच म्हणतात. सोनार दागिना घडवतो आणि आम्ही तो ओवतो. मंगळसूत्र, पुतळ्यांची माळ, मोत्यांचे सर हे सगळं शेवटी रेशमाच्या दोऱ्यावर उभं असतं आणि त्या दोऱ्याकडे कुणाचं लक्ष नसतं. माझे वडील बाजारपेठेतल्या एका सोनाराच्या ओट्यावर बसायचे. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून, मान खाली घालून त्यांनी जन्म काढला. मी तिथंच त्यांच्याशेजारी बसून शिकले. लग्नाचं वय आलं आणि गेलं. जमलं नाही, एवढंच सांगते. पुढे वडिलांची नजर अधू झाली. सोनं बाजारात घेऊन येण्यापेक्षा बाईच घरी आली तर बरं, असं पुष्कळ बायकांना वाटायचं. म्हणून मी पिशवी घेऊन घरोघर जाऊ लागले. ओवणं तर होतंच, त्याच्या जोडीला धुणंही आलं.

घरी जाऊन सोन्याला हात लावायचा म्हणजे विस्तवाशी खेळ. त्या काळात मोटरसायकलवरून पॉलिशवाले फिरायचे. फुकट चमकवून देतो म्हणायचे, बाईच्या बांगड्या कसल्याशा पाण्यात बुडवायचे आणि चकचकीत करून परत द्यायचे. बाई खूश. पुढे कधीतरी वजन केलं की कळायचं, बांगड्यांचं सोनं त्या पाण्यात उतरून गेलंय. असे लोक गल्लीतून गेले की पुढे कितीतरी दिवस मला कुणी दार उघडायचं नाही.

म्हणून वडिलांनी मला दोन नियम घालून दिले होते. पहिला, दागिना मालकिणीच्या डोळ्यांदेखतच हाताळायचा. मध्ये पांढरं कापड अंथरायचं, अलीकडे आपण, पलीकडे ती. काम संपेपर्यंत दोघींपैकी कुणी उठायचं नाही, आणि तिला उठावंच लागलं तर दागिना तिच्या पदरात टाकायचा. धुतलेलं पाणीसुद्धा तिच्यासमोर मलमलमधून गाळायचं आणि तिच्याच हाती द्यायचं. ते तिनं झाडांना घालावं नाहीतर मोरीत ओतावं, आपण हात लावायचा नाही. दुसरा नियम, ज्या घरात सोनं आहे तिथं बोलावल्याशिवाय पाय ठेवायचा नाही. दारावरून जाताना सहज डोकवायचंसुद्धा नाही. "उद्या त्या घरी चोरी झाली तर पहिलं नाव कुणाचं निघंल?" असं ते विचारायचे. उत्तर मला माहीत होतं.

माझ्या स्वतःच्या दागिन्यांत आईच्या मोत्याच्या कुड्या तेवढ्या आहेत. त्या पुसायला घेते तेव्हाही कापड अंथरते. मालकीण मीच आणि पुसणारीही मीच, त्यामुळे पहिला नियम आपोआप पाळला जातो. पलीकडची बाजू रिकामी दिसते, ती गोष्ट वेगळी.

या पहिल्या नियमाचा एक परिणाम वडिलांनी सांगितला नव्हता. एखाद्या बाईला दुपारभर एका जागी बसवून ठेवलं, की ती बोलायला लागते. सुरुवातीला ती माझ्या हातांवर नजर ठेवून असायची. मग हळूहळू नवऱ्याचं, सासूचं, दुखऱ्या गुडघ्याचं असं सगळं निघायचं. मी ऐकायचे, मधून मधून हं म्हणायचे. वडील गेल्यावर मी खोलीत एकटीच राहिले. शेजारी कापड विणणाऱ्या लूमचे कारखाने, त्या खडखडाटात भिंतीपलीकडच्या बाईशी बोलायचं तरी ओरडावं लागायचं. कधी कधी असं व्हायचं, की अख्ख्या आठवड्यात माझ्याशी जी माणसं नीट बोलली, ती सगळी माझ्यावर लक्ष ठेवायला बसलेली असायची. याचं मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं.

भिवंडीच्या दागिन्यांचा मळही वेगळा. इतर गावांत साबण, पीठ, हळद, पावडर निघते. आमच्याकडे कापसाची तूस निघते. लूमवर उडणारी ती बारीक तूस घरभर फिरते, अंगावरच्या तेलाला चिकटते आणि दागिन्याच्या नक्षीत जाऊन बसते. ब्रश फिरवला की पाण्यावर करडी साय धरते. कुणाच्या घराखाली कारखाना आहे, कुणी विकून गोदाम बांधलंय, हे मी पाण्यावरून सांगू शकायचे. जमिनींवर गोदामं उभी राहिली त्या वर्षांत ही साय खेड्यांकडच्या घरांत कमी झाली आणि दागिने मात्र वाढले.

एकदा या तुसेनंच माझा जीव घशाशी आणला होता. शमीमभाभींच्या घरी, भिवंडीतच. खाली लूम, वर घर. पुतणीचं लग्न तोंडावर आलेलं. त्यांचा जुना मोत्यांचा हार मी उतरवला, मोती कापडावर मांडले आणि ओवायला घेतले, तर शेवटी एक जागा रिकामी. खोलीत तीन जावा, त्यांच्या मुली, सगळ्या माझ्या हातांकडे बघू लागल्या. शमीमभाभी दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"कोई उठेगा नहीं," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "ताई, तू पन हलू नको. तुझ्यासाठीच बोलते मी."

मी दोन्ही तळवे कापडावर उताणे ठेवले. वडिलांनी शिकवलं होतं, की अशा वेळी बोलायचं नाही, रडायचं नाही, फक्त हात दिसत राहतील असं बसायचं. मी तशी बसले. शेवटी भाभींनी स्वतः कापडाची कड उचलली. तर शिवणीपाशी तुसेचा एक गोळा जमलेला आणि त्यात तो मोती, अंड्यासारखा. सगळ्या हसल्या. मला भाभींनी जबरदस्तीनं खिमा-पाव बांधून दिला, मी तो खात नाही हे त्या घाईत विसरल्या. पण त्या दिवशी मला नियमाची किंमत कळली. भाभी समोर बसल्या होत्या, त्यांच्या डोळ्यांसमोर माझा हात एकदाही कापडाबाहेर गेला नव्हता, म्हणून मी माझ्या पायांनी जिना उतरले.

आता गोमीआयचं सांगते. हे सगळं तिच्यासाठीच लिहायला घेतलं.

गोमीआय भिवंडीजवळच्या खारबावची. आगरी घरातली म्हातारी. मुलानं शेत गोदामाला दिलं आणि जुनं घर पाडून बंगला बांधला. संगमरवरी फरशी, दाराला पितळेचे सिंह. मग नातवंडांच्या शाळेसाठी मुलगा आणि सून वैशाली ठाण्याला फ्लॅट घेऊन राहायला गेले. आयलाही नेलं होतं. ती काही दिवस राहिली आणि परत आली. "उंच हाय लय. खाली मानूस वलखू येत न्हाय," एवढंच ती सांगायची. सकाळी एक बाई झाडूफरशी करून, स्वयंपाक ठेवून जायची. बाकी त्या बंगल्यात गोमीआय आणि गोदरेजचं कपाट.

मला निरोप आला तो वडील बसायचे त्या सोनाराच्या पेढीवरच्या फोनवर. पुतळ्यांची माळ तुटली आहे, या. मी एसटीनं गेले. ही माळ म्हणजे सोन्याची नाणी रेशमावर ओवलेली, प्रत्येक नाण्यावर ठसा. तिचा दोरा खरंच झिजला होता. मी कापड अंथरलं. गोमीआय गुडघ्यावर हात देत पलीकडे फतकल मारून बसली.

"आय, तुम्ही खुर्चीवर बसलात तरी चालेल," मी म्हटलं.

"नको गो. तू कर. मी बसलेली हाय."

आणि ती बोलायला लागली. भातलावणीचं, खाडीत निवटे मासे पकडण्याचं, तिच्या नवऱ्यानं भांडून रेडा कसा परत आणला त्याचं. मी हसत होते आणि गाठी मारत होते. चहा तिनं स्वतः केला. त्यासाठी ती उठली तेव्हा मी माळ तिच्या पदरात टाकली, तर ती बघतच राहिली. म्हणाली, "मी काय तुना चोर समजतंय?" मी नियम सांगितला. तिला तो फार आवडला. नंतर दर वेळी ती मुद्दाम पदर पसरायची.

निघताना फाटकापर्यंत आली. तिथून पलीकडे गोदामाचे लांबलचक पत्रे दिसत होते. त्यांच्याकडे हात करून म्हणाली, "तिकरं आमची लावनी असायची. तवा आंगाव सोनं नव्हतं, पन बाया होत्या. आता सोनं हाय."

माळ पुन्हा तुटली. मला आश्चर्य वाटलं आणि थोडा रागही आला, माझा दोरा इतक्यात तुटतो म्हणजे काय? या वेळी मी चांगलं रेशीम नेलं, दुहेरी घेतलं. पुन्हा निरोप आला, आधीपेक्षा लवकर. सोबत पाटल्याही धुवायच्या आहेत म्हणे. पाटल्या स्वच्छ होत्या. पाण्यावर काही आलं नाही.

तेव्हा मी दोऱ्याचं टोक उजेडात धरून पाहिलं. झिजून तुटलेला दोरा केसाळ होतो, टोकाला बारीक शेंडी फुटते, आणि तो नाण्याच्या कडेशी तुटतो, जिथं घासला जातो तिथं. हा दोरा माझ्या गाठीच्या शेजारी तुटला होता. तिथं काहीच घासत नाही. टोक सरळ होतं, बोथट. कात्रीनं कापलेलं. गाठ मात्र तिनं तशीच राहू दिली होती, तिला कात्री लावलेली नव्हती.

मी वर पाहिलं. गोमीआय खिडकीकडे बघत होती. तिचे हात मांडीवर घट्ट धरलेले. आयुष्यभर चिखलात राबलेली, स्वतःच्या घरात कुणालाही बोलवायचा हक्क असलेली बाई, आणि तिला माणूस बोलवायला स्वतःची माळ कापावी लागत होती. बाया आता आपापल्या फाटकांआड होत्या. मुलाला फोन करावा तर तो काळजीनं डॉक्टर पाठवायचा. मी दोऱ्याचं टोक मुठीत मिटलं.

"हल्ली धागा चांगला मिळत नाही, आय," मी म्हटलं.

तिनं लगेच मान वळवली. "व्हय गो. आता काय चांगला मिलतं?"

मग आमचं तसंच चालू झालं. ती कापायची, मी ओवायचे. धागा चांगला मिळत नाही याबद्दल दोघी मिळून दुकानदारांना शिव्या द्यायचो. पाटल्या, कुड्या धुवायला काढायची तेव्हा मी साधं पाणी घ्यायचे आणि ब्रश फिरवल्यासारखं करायचे, कारण उगाच घासून पाटल्यांवरची नक्षी बुजते. मजुरी मात्र घ्यायचे. नसती घेतली तर मला सगळं कळलंय हे तिला कळलं असतं. खरं सांगायचं तर मीही पेढीवरच्या फोनची वाट बघू लागले होते. त्या बाजूला कामाला गेले की खारबावच्या फाट्याला मान वळायची. पण दुसरा नियम आडवा यायचा. न बोलावता सोन्याच्या घरी जायचं नाही. त्यामुळे तिनं कात्री चालवावी आणि मी जावं, याशिवाय आमच्याकडे दुसरा रस्ता नव्हता.

त्या भागात एका बंगल्यात दरोडा पडला. म्हातारा-म्हातारीला बांधून घातलं होतं म्हणे. त्यानंतर मी गेले तेव्हा वैशाली आलेली होती. चांगली मुलगी, खरंच काळजीनं आलेली. मी कापड अंथरून माळ ओवत होते आणि ती आयला समजावत होती. ठाण्याला त्यांच्या इमारतीखालीच बँक आहे, सगळं लॉकरमध्ये ठेवू. "एवढं सोनं घेऊन एकट्या कशा राहता? रात्री आम्हाला झोप लागत नाही." आयनं दागिन्यांचा डबा जवळ ओढला. तेव्हा वैशाली माझ्याकडे वळली.

"तुम्हीच सांगा ना आईंना. तुमचं ऐकतील."

गोमीआयनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती, हे मी आजही ठामपणे सांगेन. डबा गेला की माझं येणं गेलं, हे तिला कळत होतं आणि मलाही. पण सुनेचं म्हणणं बरोबर होतं. म्हातारीला कुणी बांधून घालावं असं मी कोणत्या तोंडानं म्हणणार होते?

"नथीचे मोती लॉकरमध्ये मरगळतात," मी कसंबसं म्हटलं. "मोत्याला अंगाची ऊब लागते. नथ तरी इथं राहू दे."

"पण आई आता नथ घालतच नाहीत," वैशाली हळूच म्हणाली. गोमीआयचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी पुन्हा दोऱ्याकडे वळले.

"ने," गोमीआय म्हणाली. "सगला ने. पन हलद-कुकू लावून देतंय. लक्षुमी घराभायेर चाललीय."

मी शेवटची गाठ मारून माळ तिच्या पदरात टाकली. ती डबा घेऊन आतल्या खोलीत गेली. बराच वेळ लागला तिला. बाहेर आली तेव्हा डब्याला फडकं बांधलेलं होतं. फाटकापर्यंत आली नाही. मी वळून पाहिलं तर तिथंच, दारातल्या पितळी सिंहाला धरून उभी होती.

त्यानंतर पेढीवर फोन आला नाही. पावसाळा गेला, नवरात्र गेलं, लग्नसराई सुरू झाली. कामं पुष्कळ होती. तोवर माझ्याकडे मोबाइल आला होता. तो वाजला की मला दर वेळी एकच वाटायचं आणि दर वेळी ते नसायचं. मी एकटी राहते याची मला तोवर सवय होती. त्या वर्षी ती सवय मोडल्यासारखी झाली.

मग वैशालीचा फोन आला. माहेरी लग्न होतं, लॉकरमधून दागिने काढले होते. "आईंची माळ तुटलीय हो. लॉकरमध्ये पडल्या पडल्या कशी तुटली कोण जाणे." मी ठाण्याला गेले. वर पोचताना लिफ्टमध्ये कान बंद झाले. हॉलमध्ये खिडकी होती पण ती उघडत नव्हती. मी जमिनीवर कापड अंथरलं. वैशालीनं डबा माझ्यासमोर ठेवला आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "तुमचं चालू द्या. मी मुलांना क्लासला सोडून येते."

"तुम्ही बसायला हवं," मी म्हटलं. "कुणीतरी समोर लागतं."

ती हसली. "अहो, आमचा विश्वास आहे तुमच्यावर. तुम्ही काय परक्या का?"

दार ओढून घेतल्याचा आवाज आला. इतकी वर्षं काम केलं, पण सोन्यापाशी मी पहिल्यांदाच एकटी होते. कुणी माझ्यावर विश्वास ठेवला तर मला बरं वाटेल असं मला नेहमी वाटत आलं होतं. प्रत्यक्षात मी दोन्ही तळवे कापडावर उताणे ठेवून बसले. पलीकडे कुणी नव्हतं आणि माझे हात काय करतायत ते कुणाला बघायचं नव्हतं.

डबा उघडला. पुतळ्यांवर हळद-कुंकू सुकून बसलं होतं. मी त्या दिवशी मारलेली गाठ शाबूत होती. तिच्या शेजारी दोरा कापलेला होता, सरळ, बोथट. आतल्या खोलीत तिला इतका वेळ कशाला लागला होता ते मला कळलं. माळ तुटलेली दिसली की डबा परत खारबावला येईल, मग पटवेकरणीला बोलावतील, असं तिला वाटलं असणार. सोनं हातातून जाताना तिनं तेवढा एक निरोप त्यात ठेवून दिला होता. तो इतके महिने बँकेच्या भिंतीत बंद होता.

मी तिथं, त्या थंड हॉलमध्ये, तोंडाला पदर लावून रडले. मग हात धुतले आणि ओवायला घेतलं, कारण काम तर करायचंच होतं.

वैशाली परत आली तेव्हा मी विचारलं, "आय कशा आहेत?"

"आहेत तशाच. इथं यायला तयार नाहीत. फोन केला की म्हणतात, बरी हाय." ती माळ हातात घेऊन निरखत होती. "पण सोन्यात जीव आहे हो त्यांचा. प्रत्येक फोनला विचारतात, माळ बघितली का, तुटली तर न्हाय? तुटली असंल तर पटवेकरनीला बोलव. आम्हाला हसू येतं."

मी मजुरी घेतली आणि निघाले.

भिवंडीच्या गाडीत बसले आणि वडिलांचा दुसरा नियम मनात घोळवत राहिले. ज्या घरात सोनं आहे तिथं बोलावल्याशिवाय जायचं नाही. मी तो जन्मभर पाळला होता. मग एकदम ध्यानात आलं, की खारबावच्या त्या घरात आता गुंजभरही सोनं नाही. कपाट रिकामं आहे. तिथं चोरी झाली तर काय जाणार आणि माझं नाव कशाला निघणार? नियम त्या घराला लागूच नव्हता, लॉकरची किल्ली फिरली त्या दिवसापासून. आणि मी इकडे फोनची वाट बघत बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी गेले. पिशवी सवयीनं खांद्याला होतीच. फाटक उघडं होतं. गोमीआय ओट्यावर खुर्चीत बसली होती, बारीक झालेली. मला पाहून तिनं डोळ्यांवर हात धरला.

"आयलीस? कोनी सांगितलं?"

"कोणी नाही."

"मंग?" ती गोंधळली. "माज्याकरं आता काय न्हाय गो धुवाला. सगला ठान्याला."

"माहीत आहे. कालच माळ ओवून आले."

ती खुर्चीतून उठली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मी आत गेले. दुसरं काय करावं ते सुचेना, म्हणून पिशवीतून पांढरं कापड काढलं आणि नेहमीच्या जागी, खिडकीपाशी अंथरलं. ती मागोमाग आली आणि भिंतीला धरून उभी राहिली.

"आय," मी विचारलं, "कात्री कुठं ठेवता तुम्ही?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग कापडाकडे. एवढ्या वर्षांत आमच्या दोघींत जे बोललं गेलं नव्हतं ते मी बोलून बसले होते, आणि मला भीती वाटली की ती रागावेल. पण तिच्या तोंडावर लहान मुलीसारखं हसू आलं. ते लपवायला तिनं तोंडावर हात ठेवला.

"उशीखाली," ती म्हणाली. हसता हसताच तिचे डोळे भरले. मग पदरानं पुसून तिनं विचारलं, "मंग आता तू काय करशील?"

"काही नाही. बसेन."

ती गुडघ्यावर हात देत, कण्हत, कापडाच्या पलीकडे खाली बसली. तिच्याही हातात काही नव्हतं आणि माझ्याही. तिनं कापडाची एक सुरकुती तळव्यानं सरळ केली.

"बस," ती म्हणाली. "मी बसलेली हाय."